घरचा गोड पाव

पाव हा पदार्थ आज मराठी घरांत इतका रुळला आहे की, तो एके काळी परका मानला जाई हे सांगूनही पटू नये. त्याचे नाव पोर्तुगीज शब्दावरून आलेले आहे. पायाशी किंवा पावशेराशी त्याचा संबंध जोडणे ही केवळ लोककल्पना होय. १८४९ साली दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली, तेव्हा नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. जातिबंधन झुगारल्याची ती खूण होती, आणि तेवढ्यासाठीही सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. पावाने माणूस बाटतो ही भीती काळाबरोबर मागे पडली. परंतु दुसरी एक भीती पुष्कळ घरांत अजून आहे. पाव हे बेकरीवाल्याचे काम; घरी केला तर तो दगडासारखाच व्हायचा, अशी ती समजूत. पहिल्या भीतीइतकीच तीही निराधार आहे.

कारण पावाचे मर्म आंबवण्यात आहे, आणि ही विद्या आपल्या स्वयंपाकघराला जुनीच आहे. आंबोळीचे पीठ रात्रभर फुगते, जिलबीचे पीठ आंबवावे लागते. गोव्यात सान्ना फुगवण्यासाठी माडाची सूर घालीत. तेथील पोदेरही पावाच्या पिठात हीच सूर मिसळीत. सुरेत जे सूक्ष्म जीव काम करतात, त्यांच्याच जातीचे जीव बाजारात मिळणाऱ्या कोरड्या यीस्टच्या दाण्यांत निद्रिस्त असतात. आंबणे हे या सजीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनाने ठसवले. यीस्ट पिठातील साखर खाते व कर्बवायू सोडते. मळल्यामुळे मैद्यात ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. ते हा वायू धरून ठेवते, आणि पाव फुगतो.

आठ लहान गोड पावांसाठी २५० ग्रॅम मैदा, १५० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम लोणी, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि ४ ग्रॅम मीठ पुरते. दूध कोमट असावे. बोट घातले असता चटका बसता कामा नये. कढत दुधात यीस्ट मरते, आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ हलत नाही. घरच्या पावाचा पहिला घात बहुधा येथेच होतो. दुधात चमचाभर साखर व यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे असे समजावे. न आल्यास मैदा वाया घालवू नये.

मग लोण्याखेरीज सर्व जिन्नस एकत्र करून पीठ मळावे व शेवटी लोणी घालावे. पीठ प्रथम हाताला चिकटते. या वेळी मैद्याची भर घालण्याचा मोह आवरावा, कारण घट्ट पिठाचा पाव कोरडा होतो. दहा-पंधरा मिनिटे मळल्यावर पिठाचा गोळा गुळगुळीत होतो, आणि ओढला असता न फाटता त्याचा पातळ पापुद्रा निघतो.

यापुढे घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. थंड देशांच्या पाकपुस्तकांतील वेळा येथे लागू पडत नाहीत. गोव्याच्या उन्हाळ्यात जे पीठ पाऊण तासात दुप्पट होते, त्याला ग्वाल्हेरच्या थंडीत दोन तासही लागू शकतात. शिवाय गोड पीठ मुळातच सावकाश फुगते, कारण जास्त साखर यीस्टला लागणारे पाणी ओढून घेते. म्हणून साखर मनाला येईल तशी वाढवू नये.

पीठ दुप्पट झाले की हलके दाबून त्याचे आठ गोळे करावेत आणि तूप लावलेल्या डब्यात थोडे अंतर ठेवून मांडावेत. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात व त्यांच्या कडा मऊ राहतात. लादी पावाचा मऊपणा याच युक्तीचा आहे. बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून येऊ लागला की गोळे भाजण्यास तयार झाले. खळगा भरूनच आला नाही, तर ते प्रमाणाबाहेर फुगले असून भट्टीत खाली बसतील.

वरून दूध लावून, आधी तापवलेल्या भट्टीत १८० अंश सेल्सिअसवर अठरा ते वीस मिनिटे भाजावे. साखरेमुळे रंग लवकर चढतो, म्हणून रंग पाहून घाईने पाव बाहेर काढू नयेत. वर कागद झाकावा, पण आतून पूर्ण भाजू द्यावेत. भट्टी नसल्यास जाड पातेल्यात तिवई ठेवून, ते झाकून तापवावे व त्यात भाजावे; वेळ थोडा अधिक लागतो आणि रंग फिका येतो, इतकेच. बाहेर काढताच वर लोणी फिरवून स्वच्छ फडके झाकावे, म्हणजे आतल्या वाफेने साल मऊ होते.

पहिल्या खेपेस एखादा पाव बसका निघेल. त्याचे कारण दुधाच्या ऊबेत, मळण्यात किंवा फुगवण्यात सापडते आणि पुढील खेपेस सुधारता येते. १८४९ साली ज्या तुकड्यासाठी गुप्तता पाळावी लागे, तो आज आपल्याच चुलीवर भाजून शेजारच्या घरी खुशाल पाठवता येतो.