घरी जोडलेला अॅम्प्लिफायर : दुरुस्ती कशी करावी?

कसब ही कोणाची मिरासदारी नव्हे, हे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. ध्वनियंत्रांच्या इतिहासात याचा चांगला दाखला सापडतो. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी न चढलेल्या असंख्य लोकांनी अमेरिकेत घरच्या टेबलावर अॅम्प्लिफायर जोडले आणि त्यांतले कित्येक आजही वाजत आहेत. त्यांची माहिती आमच्या वाचकांना, विशेषतः हातात पक्कड धरणाऱ्या तरुणांना व्हावी, म्हणून हा लेखप्रपंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे लष्कराचे उरलेले सुटे भाग स्वस्तात मिळू लागले. मिशिगन राज्यातील हीथ कंपनीने 1947 साली त्यांतून ऑसिलोस्कोपचा संच काढला. किंमत 39.50 डॉलर, जोडणी मात्र गिऱ्हाइकाने करायची! मजुरी वाचल्याने साधारण मिळकतीच्या माणसालाही असे यंत्र परवडू लागले. पुढे अॅम्प्लिफायरचेही संच निघाले. फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीचे डेव्हिड हॅफ्लर व एड लॉरेंट यांचा ‘स्टीरिओ 70’ हा संच 1959 साली आला. त्यात ईएल34 जातीचे चार व्हॉल्व्ह असून ताकद प्रत्येक बाजूस 35 वॅट होती. हा संच लाखांच्या संख्येने खपला.

याचे खरे श्रेय सोबतच्या पुस्तिकेला द्यावे लागेल. तार किती लांबीची कापायची, कोठे जोडायची, डाग केव्हा द्यायचा, हे सारे एकेका वाक्यात सांगितलेले असे. काम झाले की त्या वाक्यापुढे खूण करायची. सर्किटचा नकाशाही दिलेला असे. कंपनीने काही झाकून ठेवले नाही, म्हणूनच साठ वर्षांनंतरही हे यंत्र दुरुस्त करता येते.

आता दुरुस्तीकडे वळू. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम चालू करू नये. आत 400 व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. हा दाब जीव घेऊ शकतो. म्हणून आधी वायर काढावी, 10 किलो-ओहम, 10 वॅटच्या रेझिस्टन्सने कंडेन्सर रिकामा करावा आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा. एकट्याने काम करू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

मग सर्व व्हॉल्व्ह काढून, 100 वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहावे. बल्ब भगभगीत पेटला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट आहे असे समजावे. अमेरिकेतील यंत्र 120 व्होल्टांचे असते. आपल्या 230 व्होल्टांवर त्याला दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच.

स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येत असेल तर बहुधा मोठा फिल्टर कंडेन्सर सुकलेला असतो. व्हॉल्व्हची पत्र्याची प्लेट लालबुंद होत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे. व्हॉल्व्हला आवर घालणारा बायसचा दाब नाहीसा झाला, किंवा मधला कंडेन्सर गळू लागला, की असे होते. बायस पुरवणारा जुना सेलेनियम रेक्टिफायर बदलून सिलिकॉन डायोड घालावा. नंतर मीटर लावून ठरलेल्या जागी 1.56 व्होल्ट येतील असा बायस जुळवावा. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. बाकीचे बहुतेक भाग नवे मिळतात. मूळचा चांगला ट्रान्सफॉर्मर मात्र जपावा, तोच या यंत्राचा प्राण आहे.

आपल्याकडील सभा-समारंभांतले जुने व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायरही पुष्कळ ठिकाणी अडगळीत पडलेले आहेत. त्यांचे व्होल्टचे आकडे वेगळे असतील, पण दुरुस्तीचा क्रम हाच. ते भंगारात किलोच्या भावाने घालण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिककडे न्यावेत. तो काम करीत असताना वस्तीतील दोन मुला-मुलींना शेजारी बसवावे, त्यांच्या हाती वही द्यावी आणि प्रत्येक पायरी लिहून घ्यायला सांगावे. यंत्र तर वाजू लागेलच, शिवाय पुढच्या वेळी ते उघडण्याची विद्याही वस्तीत राहील!