समुद्रतळाच्या तारा आणि आपली जाळी

विहिरीत घागर पडली म्हणजे आपण काय करतो? शेजारच्या घरून गळ मागून आणतो. आकड्यांचा तो लोखंडी गळ दोराला बांधून तळाशी सोडायचा, इकडून तिकडे फिरवायचा, आणि हाताला ओढ जाणवली की सावकाश वर घ्यायचा. समुद्राच्या तळाशी तुटलेली तार वर काढणारी जहाजेही अगदी हेच करतात. गळ मोठा, दोर लांब, एवढाच काय तो फरक.

आता पाहा, ते जहाज जे जाणूनबुजून करते, तेच आपल्या मासेमारी नौकेचा नांगर किंवा जाळ्याची फळी नकळत करून बसते. घागर हलकी असते, वर येते. पण कित्येक कोस लांबीची, मातीत पुरलेली तार वर येत नाही. मग ओढणारालाच विहिरीत जाण्याची पाळी येते. ही पाळी कशी येते आणि ती कशी टाळावी, याचा आज थोडा विचार करू.

समुद्रात तारा टाकण्याची कल्पना नवी नाही. १८५० साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या खाडीत तारायंत्राची पहिली तार टाकली गेली. ती लगेच तुटली. एका कोळ्याच्या जाळ्यात सापडून ती तुटली, असे तेव्हापासून सांगत आले आहेत. पुढच्याच वर्षी लोखंडी चिलखत घातलेली जाड तार टाकली, ती मात्र टिकली. आपली मुंबईही १८७० साली अशाच तारेने एडनला जोडली गेली. ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाच्या प्रचंड आगबोटीने ती तार टाकली होती. म्हणजे तार आणि कोळी यांची ओळख पावणेदोनशे वर्षांची आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून भांडणाचीच आहे म्हणाना!

आज या तारांना आपण केबल म्हणतो. देशादेशांत जाणारे फोन, इंटरनेटचे संदेश, पैशांच्या उलाढाली आकाशातल्या उपग्रहावरून जातात अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक सगळा व्यवहार समुद्रतळाच्या केबलींमधून होतो. मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी या केबली किनाऱ्याला लागतात. खोल समुद्रात अशी केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. तिच्यात केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात, आणि त्यांतून प्रकाश धावतो. वाटेत तो प्रकाश मंद होतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला पुन्हा जोर देणारी यंत्रे बसवतात. या यंत्रांसाठी केबलीतूनच हजारो व्होल्टची वीज सोडलेली असते. किनाऱ्याजवळ, जिथे नांगर आणि जाळी पडतात, तिथे केबलीला पोलादी तारांचे चिलखत असते आणि शक्य तिथे ती मातीत मीटरभर पुरलेली असते.

जगात दरवर्षी दीडशे ते दोनशे वेळा या केबली बिघडतात. शार्क माशाने चावल्यामुळे नव्हे. त्यातले निम्म्याहून कितीतरी अधिक बिघाड मासेमारीने आणि जहाजांच्या नांगरांनी होतात. २००८ च्या जानेवारीअखेर ईजिप्तच्या किनाऱ्याजवळ केबली तुटल्या, तर इकडे भारतातल्या कचेऱ्यांचे इंटरनेट मंदावले. समुद्र एक आहे म्हणतात ते असे.

आता या जुन्या तारांच्या जोडीला नवी मंडळी आली आहेत, ती म्हणजे समुद्रातल्या पवनचक्क्या. डेन्मार्कमध्ये व्हिंडेबी येथे १९९१ साली समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जगातला हा पहिलाच असा प्रयोग. २०१७ साली त्या काढून टाकल्या, पण तोवर कल्पनेने मूळ धरले होते. इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यापासून दूर हॉर्नसी येथे पहिल्याच टप्प्यात १७४ पवनचक्क्या आहेत. एकेक चक्की जाड पोलादी खांबावर उभी, खांब तळात ठोकलेला, आणि प्रवाहाने बुडखा उघडा पडू नये म्हणून भोवती दगड टाकलेले. चक्कीपासून चक्कीपर्यंत विजेच्या केबली, आणि सगळ्यांची वीज एकत्र करून किनाऱ्याला नेणारी मोठी केबल वेगळी. वरून पाहिले तर मोकळे पाणी. खाली मात्र सगळे जाळे विणलेले.

या भागात मासे नसतात असे नाही. उलट दगडांच्या आणि खांबांच्या आडोशाला शिंपले धरतात, खेकडे येतात, त्यांच्यामागे मासे येतात. म्हणजे मोह आहेच. आणि जिथे मोह, तिथे सावधपणा हवा.

विजेचा धक्का बसेल ही भीती सगळ्यांना वाटते, आणि ती खोटी नाही. फाटलेली केबल नौकेवर ओढून घेतली तर जीव जाऊ शकतो. पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. ती नौका उलटण्याची.

हे कसे घडते, ते नीट समजून घ्या. जाळ्याची फळी केबलीखाली अडकली. तांडेलाने विंच चालू केले, दोर ताठ झाला. केबल थोडी उचलली गेली, पण पुढे येईना. आता नौका एका बाजूने समुद्रतळाला बांधली गेली. एवढ्यात लाट आली. लाटेबरोबर नौका वर उचलली जायला हवी, पण दोर लांब होत नाही. मग लाट वर चढते आणि नौकेची ती बाजू खाली राहते. पाणी कडेवरून आत शिरते. आत आलेले पाणी कललेल्या बाजूलाच धावते आणि तिला आणखी कलवते. त्यात प्रवाह आडवा असेल तर सगळा खेळ काही क्षणांचा. १९९७ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडची ‘वेस्टहेवन’ नावाची नौका उत्तर समुद्रात अशीच बुडाली. तिचे जाळे केबलीत नव्हे, तर तळावरच्या नळात अडकले होते. पण जाळ्याला आणि लाटेला तो भेद कळत नाही. चार माणसे गेली.

शेतकरी वाचकांना हे वेगळ्या रीतीने सांगतो. नदीला पूर येऊ लागला, पाणी गोठ्यात शिरू लागले, तर घरचा माणूस आधी काय करतो? गुरांची दावी सोडतो. गाठ सुटत नसेल तर कोयत्याने दावे तोडतो. गुराला पोहता येते, पण दाव्याला पोहता येत नाही. पाणी वर चढते आणि दावे तेवढेच राहते, म्हणून गुरू मरते. अडकलेले जाळे हे नौकेचे दावे आहे.

पण इथेच माणसाचे मन अडते, आणि का अडते तेही समजण्यासारखे आहे. जाळे काही सुतळीचा तुकडा नव्हे. त्यासाठी कर्ज काढलेले असते, त्यावर घर चाललेले असते. ते तोडून समुद्रात सोडायचे म्हणजे हातावर दगडच ठेवावा लागतो. ‘आणखी एकदा ओढून पाहू’ असे तांडेल म्हणतो, त्यात लोभ नसतो, काळजी असते. परंतु ते आणखी एकदा ओढणेच घात करते.

म्हणून अडकल्याची शंका येताच पहिली गोष्ट, इंजिनाचा जोर काढा. विंचने बळ लावू नका, आणि लाटेच्या उचलीचा फायदा घेऊन जाळे सोडवण्याचा यत्न तर मुळीच करू नका. सर्व खलाशांना लाइफ जॅकेट घालायला लावा, झाकणे आणि दारे बंद करून घ्या. जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहून घ्या. बिनतारी संचाच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कळवा. भारतीय तटरक्षक दलाचा फोन १५५४ आहे. दोर सैल सोडून जाळे आपोआप सुटत असेल तर उत्तम. नसेल, तर दोर सोडून द्या किंवा तोडा, आणि जमल्यास टोकाला तरंगा बांधा. केबल वर दिसली तर तिला हात लावू नका, आणि तोडू तर नकाच.

‘तोडा म्हणता, पण भरून कोण देणार?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फार जुने आहे. १८८४ साली पॅरिस येथे समुद्रातल्या तारांविषयी देशांचा करार झाला. केबल वाचवण्यासाठी ज्याने आपला नांगर किंवा जाळे सोडून दिले, त्याला केबलीच्या मालकाने भरपाई द्यावी, असे तत्त्व त्यात घातले गेले. पुढे १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारातही ते आले, आणि भारताने १९९५ साली त्या कराराला मान्यता दिली. मात्र दोन अटी ध्यानात ठेवा. आपण आधी योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. आणि पुरावा पाहिजे. १८८४ च्या करारात तर असे म्हटले आहे, की घटनेनंतर ताबडतोब खलाशांच्या साक्षीने टिपण तयार करावे, आणि पहिल्या बंदरात पोचल्यापासून २४ तासांच्या आत अधिकाऱ्यांपुढे निवेदन द्यावे. तोंडी गाऱ्हाण्याला किंमत नसते, वहीतल्या ओळीला असते. आणखी एक गोष्ट. जीव किंवा नौका वाचवण्यासाठी, सगळी काळजी घेऊनही जर केबल तुटली, तर तो गुन्हा समजू नये, असेही १९८२ चा करार म्हणतो. इंजिन बंद पडून नौका खांबाकडे वाहत चालली असेल, तर नांगर टाकायला घाबरू नका. माणूस आधी, केबल मागून.

हे झाले अडकल्यावरचे. न अडकण्याची विद्या त्याहून सोपी आहे. समुद्राच्या नकाशावर केबल जांभळट लाल रंगाच्या नागमोडी रेघेने दाखवतात. विजेची केबल असेल तर त्या रेघेवर विजेच्या लोळाची खूण असते. आपल्याकडे हे नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयातून निघतात, आणि नव्या बदलांच्या सूचनाही तिथूनच प्रसिद्ध होतात. ब्रिटनमध्ये किंगफिशर नावाची माहितीसेवा केबली आणि पवनचक्क्यांच्या जागा मच्छीमारांना फुकट देते, आणि ती माहिती थेट नौकेवरच्या नकाशायंत्रात भरता येते. आपल्या सोसायट्यांनीही अशी व्यवस्था मागून घ्यावी.

आता रेघ ओलांडण्याविषयी. नौका रेघेपलीकडे गेली म्हणजे जाळेही गेले, असे नव्हे. समजा पाणी २० वाव खोल आहे आणि ट्रॉलचा दोर ६० वाव सोडला आहे. दोर ही कर्णाची बाजू, खोली ही उभी बाजू. शिक्षक बंधुभगिनींनो, पायथागोरसचा सिद्धान्त शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर घ्या. साठाचा वर्ग ३६००, विसाचा ४००, वजाबाकी ३२००, त्याचे मूळ सुमारे ५६॥. म्हणजे फळ्या नौकेच्या मागे ५६॥ वाव, अर्थात शंभर मीटरांहून अधिक अंतरावर आहेत, आणि जाळे त्याच्याही मागे. प्रवाह आडवा असेल तर ते बाजूलाही सरकलेले असते. तेव्हा फळ्या रेघेच्या बऱ्याच आधी वर घ्याव्यात, आणि जाळे खरोखर पलीकडे जाईल एवढे अंतर कापल्यावरच पुन्हा सोडाव्यात. डोल जाळ्याचे खुंट ठोकतानाही हीच रेघ आधी पाहावी.

‘गेल्या वर्षी इथेच ओढले होते, काही झाले नाही,’ यावरही विसंबू नका. जोराच्या प्रवाहात तळाची वाळू सरकते आणि पुरलेली केबल उघडी पडते. खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांपर्यंत जातो. तिथला तळ वर्षानुवर्षे तसाच राहील कसा?

पवनचक्क्यांच्या भागात आणखी थोडे. बांधकाम चालू असताना ब्रिटनमध्ये चक्कीभोवती ५०० मीटर मनाई असते. पुढे बंदी नसली तरी ट्रॉलरवाले सहसा आत शिरत नाहीत. जर्मनीसारख्या देशाचे नियम अधिक कडक आहेत. आपल्या लोकांना ५०० मीटरांचा नियम मुंबई हायच्या तेलाच्या फलाटांमुळे माहीत आहेच. उंच खांबांमुळे रडारवर खोट्या खुणा उमटतात, आणि काही केबलींच्या जवळ होकायंत्राची सुई किंचित फिरते. म्हणून आत जाण्यापूर्वी इंजिन तपासावे, डोळ्यांनी पहारा ठेवावा, आणि केबल टाकणाऱ्या जहाजापासून निदान एक सागरी मैल दूर राहावे.

हे सारे परदेशचे म्हणून सोडून देऊ नका. २०१५ साली भारत सरकारने समुद्रातल्या पवनऊर्जेचे धोरण जाहीर केले, आणि २०२४ साली गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी साहाय्य मंजूर केले. गुजरातच्या समुद्रात पालघर-डहाणूकडच्या नौकाही जातात. तेव्हा नकाशावर रेघा पडण्यापूर्वी कोळ्यांचे म्हणणे ऐकले जावे, कोणत्या महिन्यात कुठे ओढ असते ते विचारले जावे. हा त्यांचा हक्क आहे, आणि त्यात प्रकल्पाचेही हित आहे. रेघ पडल्यावर मात्र ती पाळणे हे आपले काम.

किनाऱ्यावरच्या शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. ती नागमोडी रेघ एकदा मुलांकडून पाटीवर काढून घ्या, आणि तिचा अर्थ घरी सांगायला लावा. रात्री जाळे भरताना बापाला मुलाने विचारावे, ‘बाबा, कोयता घेतलात ना? धार लावलेली आहे ना?’ समुद्र कसा आहे हे तांडेलाला मी काय सांगणार! तो त्याला माझ्याहून कितीतरी अधिक कळतो. पण दावे तोडायची वेळ कोणती, हे किनाऱ्यावर असतानाच ठरवून ठेवावे. पाणी आत आल्यावर ते ठरवायला वेळ मिळत नाही.