एक भारा, अनेक काड्या

दिवाळीच्या सुमारास गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्याच्या शिवारात गेलात, तर धानाची कापणी चाललेली दिसेल. कापलेले धान बांध्यांत पसरून ठेवतात, त्या कडपा. कडपा वाळल्या की त्यांचे भारे बांधतात आणि भारे रचून पुंजणे तयार होते. पीक एकच, पण नावे तीन! असे का बरे?

एकाच प्रकारच्या अनेक वस्तूंना किंवा प्राण्यांना मिळून जे एक नाव देतात, त्याला समूहवाचक नाम म्हणतात. इंग्रजीत तेच 'कलेक्टिव्ह नाउन'. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, केळ्यांचा घड, भाकरींची चवड ही त्याची उदाहरणे. हे शब्द 'पुष्कळ' एवढेच सांगत नाहीत. ते पुष्कळ कसे एकत्र आले आहेत, हेही सांगतात.

एक प्रयोग करून पाहा. सारख्या जाडीच्या 37 गोल काड्या घ्या. त्या जमिनीवर ओळीने मांडल्या, तर सगळ्या उघड्यावर राहतात. आता त्यांची घट्ट जुडी बांधा. मध्ये 1 काडी, तिच्याभोवती 6, मग 12 आणि सर्वांत बाहेर 18 अशी कडी तयार होतील. म्हणजे उघड्यावर फक्त 18 काड्या. उरलेल्या 19 आत झाकल्या गेल्या!

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. अवकाळी पाऊस आला, तर पसरलेल्या कडपा सर्वच्या सर्व भिजतात आणि ओल टिकली की दाण्यांना कोंब फुटतात. लोंब्या आत ठेवून नीट रचलेल्या पुंजण्यात आतले बरेच धान वाचू शकते. मग लगेच भारे का बांधत नाहीत? ओले धान दाबून ठेवले, तर ते आतल्या आत तापते आणि खराब होते. म्हणून 'धान भिजले' असे कोणी म्हणताच जाणता माणूस आधी विचारतो, "कडपा की पुंजणे?"

आता व्याकरणाकडे वळू. 'पक्ष्यांचा थवा उडाला' असे आपण म्हणतो. पक्षी अनेक असले, तरी क्रियापद थव्याप्रमाणे चालते. इंग्रजीतही 'अ फ्लॉक ऑफ बर्ड्स इज फ्लाइंग' हेच बरोबर. 'बर्ड्स' पाहून 'आर' लिहिण्याची चूक पुष्कळ विद्यार्थी करतात.

मात्र इंग्रजीत एक गंमत आहे. संघ एकजुटीने वागत असेल, तर 'द टीम इज स्ट्राँग'. पण प्रत्येक खेळाडू आपापल्या बुटांचे बंद बांधत असेल, तर ब्रिटिश पद्धतीत 'द टीम आर टाइंग देअर शूज' असेही चालते. अमेरिकेत अशा नामांना बहुधा एकवचनी क्रियापदच लावतात. मात्र 'कॅटल' आणि 'पोलीस' हे शब्द एकवचनी दिसले, तरी त्यांना 'आर'च लागते. ते पाठच करावेत.

तेव्हा असे वाक्य समोर आले की स्वतःलाच विचारा : येथे सगळे मिळून एक आहेत की सुटे सुटे? भारा की कडपा? उत्तर सापडले की क्रियापदही सापडेल. आणि हो, तुमच्या गावात असे आणखी कोणते समूहवाचक शब्द आहेत, ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत टिपून ठेवाल ना?