बेलापूर : नियोजित शहराचे मध्यवर्ती केंद्र आणि त्याच्या वस्त्या

डहाणू किंवा तलासरी तालुक्यातील शेतकऱ्याचे जमिनीचे अपील विभागीय आयुक्तांपुढे गेले, की त्याला दादर आणि कुर्ल्याला गाड्या बदलत बेलापूरच्या कोकण भवनात यावे लागते. कोकण विभागातील सातही जिल्ह्यांच्या कारभाराचे हे ठिकाण ज्या परिसरात आहे, त्याला 'सीबीडी' म्हणजे मध्यवर्ती व्यापार क्षेत्र असे नाव आहे. प्रत्यक्षात तेथे व्यापारापेक्षा शासनच अधिक दिसते. याचे कारण नवी मुंबईच्या मूळ कल्पनेत शोधावे लागते.

मुंबईची वाढ दक्षिणोत्तर अशी एकाच रेषेत होत असल्याने खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडला. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात वीस लाख लोकांसाठी, परस्परांशी जोडलेल्या अनेक उपनगरांचे शहर उभारावयाचे होते. या योजनेचा कणा एकच होता. राज्य शासनाने आपले मुख्यालय खाडीपलीकडे न्यावे, म्हणजे कार्यालये, बँका आणि रोजगार आपोआप मागे येतील. परंतु सचिवालय मुंबईतच राहिले आणि त्याच सुमारास नरिमन पॉइंटच्या भरावावर उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या. खुद्द सिडकोचे नोंदणीकृत कार्यालयही तेथेच असावे, हा योगायोग बोलका आहे.

मुख्यालयाऐवजी बेलापूरच्या वाट्याला दुय्यम कार्यालये आली. कोकण भवन, सिडको भवन आणि रिझर्व्ह बँकेची इमारत ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. रेल्वे मात्र विलंबाने पोहोचली. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला व त्यानंतरच तो बेलापूरपर्यंत आला. तोवर घाऊक बाजारांच्या आधारे वाशी पुढे निघून गेली होती. बेलापूरचे कार्यालयीन भाग आजही संध्याकाळनंतर ओस पडतात, ते या इतिहासामुळेच.

निवासी वस्त्यांचा विचार करता सेक्टर ८ मधील 'आर्टिस्ट व्हिलेज' विशेष लक्षणीय ठरते. पारसिक डोंगराच्या पायथ्याशी कोरियांनी ऐंशीच्या दशकात ही वसाहत रचली. सात घरांचे एक अंगण, अशा तीन अंगणांचे मिळून मोठे अंगण, अशी तिची चढती रचना आहे. दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला शेजाऱ्याची संमती न घेता घर वाढविता यावे, अशी अपेक्षा होती. ती अपेक्षेपेक्षा अधिकच पूर्ण झाली. अनेक मूळ कौलारू घरांच्या जागी काँक्रीटच्या बहुमजली इमारती आल्या. समीक्षक यास ऱ्हास मानतात. तथापि वाढण्याची मुभा हाच रचनेचा गाभा असताना रहिवाशांना दोष देणे न्याय्य वाटत नाही. अंगणे मात्र बव्हंशी टिकून आहेत.

आराखड्याआधीचे बेलापूरही तेथेच आहे. खाडीमुखावरील किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा सत्तांतरांचा साक्षी आहे. शहाबाज, आग्रोळी आणि दिवाळे ही आगरी-कोळ्यांची गावे सेक्टरांच्या मध्ये बेटांसारखी उरली आहेत. नकाशावर त्यांना 'गावठाण' म्हटले जाते. शेती, मिठागरे आणि मासेमारी गेल्यावर राहिलेली ही जागा आहे. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून झालेल्या संघर्षात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर नव्वदच्या दशकात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकारास आली. गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न त्यानेही मिटला नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या मुख्यालयाचे नियोजन सिडकोकडेच सोपविण्यात आले. जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. येथे शासन प्रथम आले, हा बेलापूरपेक्षा वेगळा क्रम होय. मात्र सरावलीसारख्या गावातून कामासाठी येणाऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालय जवळ आले असले, तरी विभागीय अपिलासाठी त्याला अद्याप बेलापूरचीच वाट धरावी लागते.