रात्रीच्या फेऱ्यांचा जमाखर्च

रात्री अकराला दिवा मालवावा, एकच्या सुमारास पहिल्यांदा उठावे, पुन्हा तीनला, मग साडेचारला. आणि त्यानंतर डोळा लागलाच तर दूधवाल्याच्या घंटेने जाग यावी, हा साठी ओलांडलेल्या असंख्य पुरुषांचा नित्यक्रम असतो. घरात कोणी विचारलेच तर ‘वय झाले आता’ एवढ्यावर विषय संपतो. मात्र या फेऱ्यांची किंमत हळूहळू वसूल होत असते. दिवसा पेंग येते, स्वभाव चिडखोर बनतो, पत्नीचीही झोप मोडते; मुलीकडे बडोद्याला किंवा इंदूरला जाण्याचा बेत रेल्वेतील रात्रीच्या धास्तीने पुढे ढकलला जातो. सर्वांत मोठा धोका असतो तो अर्धवट झोपेत, अंधारात, ओल्या फरशीवर पाय घसरण्याचा. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

या तक्रारीचे खापर बहुधा प्रोस्टेटवर, म्हणजेच पौरुषग्रंथीवर फोडले जाते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढा घालून असलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. चाळिशीनंतर ती वाढू लागते. पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते आणि वयाबरोबर तिचे प्रमाण चढतच जाते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण तिच्यामुळे मूत्रमार्गावर दाब येतो, लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, धार बारीक होते आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. थोडी लघवी आत शिल्लक राहिली की ते लवकर भरते आणि पुन्हा उठावे लागते.

इतके सारे खरे असले तरी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रोस्टेटवरील उपचारांनी धार सुधारते, दिवसाची घाई कमी होते. रात्रीच्या फेऱ्या मात्र कित्येकदा जवळपास तशाच राहतात. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून घेतल्यावरही ‘रात्रीचे उठणे काही थांबले नाही’ अशी खंत ऐकू येते. याचे कारण, रात्रीची लघवी हा केवळ मार्गातील अडथळ्याचा प्रश्न नसून रात्री मूत्र किती तयार होते याचाही प्रश्न असतो. यांपैकी दोष कोठे आहे हे शोधण्याचे पहिले साधन अगदी साधे आहे : एक वही, एक पेन आणि मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लास्टिकचे मापपात्र.

तीन दिवसांची वही

सलग तीन दिवस व रात्री, प्रत्येक वेळी लघवी मापपात्रात करून तिची वेळ आणि माप लिहावयाचे. पाणी, चहा, ताक, जे काही प्यायले त्याचीही नोंद करावयाची. झोपण्याची आणि सकाळी उठण्याची वेळ न विसरता लिहावी. ज्यांनी आयुष्यभर खातेवह्या जुळवल्या त्यांना हे काम जड जाऊ नये. संकोच वाटतो तो पहिल्या दिवशी. हिशेबाचा एक नियम मात्र ध्यानात ठेवावा. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसाच्या खात्यात आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात जाते, कारण ती रात्रभरात साठलेली असते.

उदाहरणादाखल दोन वह्या घेऊ. पहिल्या गृहस्थांनी रात्री एकला २८० मिलि, साडेतीनला २६० आणि सकाळी सहाला ३१० मिलि लघवी केली. रात्रीची बेरीज ८५०, चोवीस तासांची १,९००. म्हणजे एकूण लघवीपैकी जवळजवळ ४५ टक्के रात्री तयार झाली. उतारवयात हे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक असल्यास रात्री मूत्र वाजवीपेक्षा जास्त तयार होत आहे असे वैद्यकशास्त्र मानते. दुसरे गृहस्थ चार वेळा उठले, पण प्रत्येक वेळी ८० ते १२० मिलिच, आणि सकाळी १३०. त्यांची रात्रीची बेरीज ५३० आणि दिवसरात्रीची १,८००. यांच्या मूत्रपिंडांची काही तक्रार नाही. मूत्राशयात साठवण कमी होते आहे, किंवा ते नीट रिकामे होत नाही. दोघेही बाहेर एकाच शब्दांत तक्रार सांगतील, परंतु दोघांचे उपचार निरनिराळे होतील. तिसरीही एक शक्यता असते. दिवस आणि रात्र दोन्ही वेळा लघवी भरपूर होत असेल तर मधुमेह नाही ना, हे आधी तपासावे लागते.

रात्री मूत्र का वाढते?

झोपेच्या वेळी पियुषिका ग्रंथीतून येणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवावयास लावते. वयपरत्वे हा रात्रीचा पहारा ढिला पडतो. त्यात पायांची भर पडते. दिवसभर बसून किंवा उभे राहून घोट्यांपाशी उतरलेले पाणी आडवे होताच रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते निमूटपणे बाहेर टाकू लागतात. संध्याकाळी मोज्याच्या इलास्टिकचा वळ पायावर खोल उमटत असेल तर ही शंका घ्यावी. अशांनी दुपारनंतर तासभर पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी झोपण्यापूर्वीच निघून जाते. पायांची सूज नवी असेल किंवा धाप लागत असेल, तर हृदयाची तपासणी प्रथम.

मीठ हा यातील दुर्लक्षित गुन्हेगार. जपानच्या नागासाकी विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्या रुग्णांनी रोजचे मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले त्यांच्या रात्रीच्या फेऱ्या सरासरी २.३ वरून १.४ वर आल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर ५ ग्रॅमच्या आतली आहे. आपल्या रात्रीच्या ताटातील पापड, लोणचे आणि वरून घेतलेली मिठाची चिमूट यांकडे या दृष्टीने पाहावयास हरकत नाही.

मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा पुरुष बहुधा लघवी लागल्यामुळे जागा झालो असे समजतो. प्रत्यक्षात झोपेतील श्वासरोधामुळे हृदयावर ताण पडून मूत्र वाढवणारे संप्रेरक स्रवते. श्वासरोधावर उपचार झाले की फेऱ्याही कमी होतात. पत्नीची साक्ष येथे फार मोलाची ठरते, म्हणून तिला डॉक्टरांकडे सोबत न्यावे.

औषधांची यादीही वहीत असावी. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर तिचे काम रात्रीच सुरू होणार. तिची वेळ बदलता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे, स्वतः बदलू नये. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीने पायांवर सूज येऊ शकते. सर्दीवरच्या काही गोळ्यांनी तर प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अचानक तुंबते. त्या दुकानातून परस्पर आणणे टाळावे.

पाण्याबाबत मात्र गैरसमज फार. दिवसभर पाणी तोडणे हा उपाय नव्हे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयास शाखेत येणारे काही निवृत्तिवेतनधारक वाटेत पंचाईत नको म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत, आणि घरी परतल्यावर ती तहान संध्याकाळी भागवतात. रात्रीच्या फेऱ्यांची तरतूद तेथेच होते. (शाखेतील प्रसाधनगृह कोठे आहे हे न विचारता दाखवणारा कर्मचारी अशा ग्राहकाचे किती दुःख हलके करतो!) पाणी सकाळ-दुपार पुरेसे घ्यावे, झोपण्यापूर्वी दोन-तीन तास हात आखडता ठेवावा, संध्याकाळचा चहा, कॉफी आणि मद्य टाळावे. निजण्यापूर्वी लघवी करून मिनिटभर थांबावे व पुन्हा एकदा प्रयत्न करावा.

वही प्रोस्टेटकडेच बोट दाखवत असेल तर उपचार आहेत. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल करतात, त्यांचा गुण काही दिवसांत दिसू लागतो. त्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञाला या गोळीची कल्पना देणे अत्यावश्यक आहे. ग्रंथी आक्रसवणाऱ्या फिनास्टेराइडसारख्या औषधांना सहा महिने द्यावे लागतात. त्यांनी पीएसए या रक्तचाचणीचा आकडा सुमारे निम्मा होतो, म्हणून ती चाचणी करताना हे औषध चालू असल्याचे सांगावे. रात्रीचे मूत्र कमी करणारे डेस्मोप्रेसिनही उपलब्ध आहे. त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उतारवयात रक्ततपासणीच्या देखरेखीशिवाय ते घेणे म्हणजे दुखण्यापेक्षा उपाय भयंकर.

लघवीतून रक्त जाणे, ताप आणि जळजळ, किंवा पूर्वी कधी नसताना अंथरूण ओले होऊ लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास वही भरत बसू नये, तज्ज्ञांकडे जावे. लघवी पूर्णपणे अडली तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

आणि फेऱ्या कमी होईपर्यंत वाट तरी सुरक्षित असावी. पलंगापासून प्रसाधनगृहापर्यंत मंद दिवा, मध्ये पायपुसणे किंवा वायर नाही, भिंतीला धरावयास दांडी. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच उभे राहावे, आणि रात्री लघवीही बसूनच करावी; उभ्याने करताना भोवळ येऊन पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. फारच घाई होत असेल तर पलंगाशेजारी झाकणाचे मूत्रपात्र ठेवण्यात कमीपणा काहीच नाही; ते औषधांच्या दुकानात मिळते.