आमच्या खिडकीतले होले

पक्ष्यांच्या बाबतीत मी अगदी अडाणी होतो, हे आधीच कबूल करतो. कावळा, चिमणी, पोपट आणि पारवा एवढ्यावर माझे ज्ञान संपे. कोथरूडच्या आमच्या घरामागे एक जुना बंगला होता. त्याच्या आवारात आंबा, शिरीष, कडुनिंब अशी दाट झाडी. सकाळ झाली की तिकडून होले घुमू लागत. होला म्हणजे पारव्याचाच सडपातळ भाऊबंद, एवढे मात्र मला ठाऊक होते.

काचबिंदूने आईची दृष्टी जवळजवळ गेलेली. सकाळचा चहा ती खिडकीशी बसून घेई. एके दिवशी ती म्हणाली, “अरे, इथे दोन तऱ्हेचे होले आहेत.”

“अगं, सगळे एकच. मी बघतोय ना!” वर्तमानपत्रातून डोके वर न काढता मी म्हणालो.

“तू बघतोयस. मी ऐकतेय,” आई म्हणाली.

झाले! मुलाची दुर्बीण घेतली आणि सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले पक्ष्यांचे पुस्तक मिळवले. आठवडाभरात माझी खात्री पटली. आई म्हणत होती तेच खरे!

पहिला ठिपकेवाला होला. लांबी सुमारे तीस सेंटिमीटर. मानेच्या मागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके, जणू बुद्धिबळाचा पट गळ्यात उलटा बांधलेला. तपकिरी पाठीवर आणि पंखांवरही फिकट ठिपके. दुसरा लहान तपकिरी होला, तीनचार सेंटिमीटरने आखूड. याची पाठ साधी, मातकट. पंखाच्या कडेला निळसर राखी पट्टा. ठिपक्यांची जाळी यालाही असते, पण काळी-तांबूस, आणि ती मानेच्या मागे नव्हे, पुढच्या बाजूला गळ्याशी. थोडक्यात, पहिल्याचे दागिने मागे, दुसऱ्याचे पुढे! पिल्लांच्या मानेवर मात्र ही नक्षी नसते. तिथे पाठ पाहावी.

आणि आवाज? ठिपकेवाला जड गळ्याने, थांबून थांबून ‘क्रू-क्रुक्-क्रू, क्रू-क्रू’ करतो. दुसऱ्याचे हलके, भरभर ‘कु-दु-दु-दु-दु’. कुणी पदराआड हसावे तसे. इंग्रजीत त्याला ‘हसरा होला’ अशाच अर्थाचे नाव आहे. आईने ते नाव लगेच उचलले.

पुढे तो बंगला पाडला. आई तेव्हा बहिणीकडे नाशिकला होती. चार दिवसांत सारी झाडे गेली. परत आल्यावर तिला हे सांगायचे माझ्या जिवावर आले. तिला दिसणार नव्हतेच. मग कशाला सांगा?

त्यातच एका जोडप्याने आमच्या खिडकीतल्या कुंडीत घरटे केले. घरटे कसले, चार काड्यांची चटई! त्यात दोन पांढरी अंडी. मला हायसे वाटले. मी म्हणालो, “आई, होले बघ, आपल्या घरीच राहायला आले!”

आईने बराच वेळ कान दिला. मग म्हणाली, “हा हसरा. तो दुसरा कुठे गेला?”

मी गप्प.

“झाडं तोडली का रे?”

तेव्हा सांगावेच लागले. लहान होल्याला कोरडी, उघडी जागा चालते. माणसाच्या वळचणीला, खिडकीलाही तो संसार थाटतो. ठिपकेवाल्याला झाडांची दाटी अधिक प्रिय. पुस्तकात हे मी वाचले होते. आईने ते नुसत्या कानांनी ओळखले.

पिल्ले यथाकाल उडाली. दोघेही आईबाप आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न पिल्लांना कसे भरवतात, ते मी रोज पाहून आईला सांगत असे. आमचे एवढे बोलणे पूर्वी कधी झाले नव्हते.

वाचकहो, उद्या तुमच्या खिडकीत होला घुमला, तर घटकाभर थांबा आणि तो कोणता ते बघा. मी तर आईमुळेच शिकलो. नाहीतर त्यातला एक निघून गेला, हे मला कळलेही नसते.