दगडफूल: सावजी मसाल्यापासून अंटार्क्टिकापर्यंत

गोसीखुर्द धरणाच्या भागात, पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत, सावजी रश्श्याच्या मसाल्यात दगडफूल पडतंच. वरून करडं, खालून काळं, हातात वाळक्या पापुद्र्यासारखं. गरम तेलात पडलं की मातकट, धुरकट वास सुटतो. याच गोतावळ्यातल्या काही जाती थेट ध्रुवांवर राहतात. त्यांच्याबद्दल समज कमी, गैरसमजच जास्त.

गैरसमज: दगडफूल हे फूल किंवा शेवाळ आहे.
वस्तुस्थिती: दोन्ही नाही. ते शैवाक, म्हणजे लायकेन. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बुरशी आसरा देते, ओल धरते. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे मांडलं, तेव्हा अनेक जाणकारांनी ते उडवून लावलं होतं.

गैरसमज: शैवाक झाडाचा रस शोषतं.
वस्तुस्थिती: तसं बांडगूळ करतं. शैवाकाला खरी मुळंच नसतात. खोड ही त्याची फक्त बसायची जागा. वठलेल्या फांदीवर ते जास्त दिसतं, कारण पानं गळाल्यावर तिथे ऊन पोचतं.

गैरसमज: ध्रुवावरचं शैवाक बर्फावर वाढतं.
वस्तुस्थिती: अंटार्क्टिकातलं ब्युएलिया फ्रिजिडा उघड्या खडकाला चिकटून असतं. काळसर रंगामुळे ते ऊन शोषतं आणि वितळत्या बर्फाची ओल मिळाली की कामाला लागतं. एरवी वाळून निपचित पडतं. मॅकमुर्डोच्या कोरड्या दऱ्यांत ते शंभर वर्षांत मिलिमीटरभरही पसरत नाही. त्या खंडावर मूळच्या फुलझाडांच्या जाती अवघ्या 2, शैवाकांच्या मात्र शेकडो.

गैरसमज: थंडीतलं शैवाक दुसरीकडे टिकत नाही.
वस्तुस्थिती: ध्रुवप्रदेशात आणि हिमालयातही आढळणारं नारिंगी झँथोरिया एलेगन्स 2005 मध्ये फोटॉन-एम2 यानातून अवकाशात नेलं. सुमारे दोन आठवडे उघड्या अवकाशात राहून ते जिवंत परतलं. पूर्ण वाळून थांबून राहणं हीच त्याची युक्ती. विदर्भात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा झाडांच्या सालीवरचे पांढरट-करडे चट्टेही हेच करतात. मसाल्याच्या पानेरी दगडफुलाला मात्र गारवा आणि धुकं लागतं. म्हणून देशातल्या बाजारात येणारं बरंचसं दगडफूल हिमालयातलं असतं.

गैरसमज: कितीही ओरबाडा, लगेच पुन्हा येतं.
वस्तुस्थिती: पानेरी शैवाकही वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. मसाल्याला चिमूटभर पुरतं, पण तेवढी चिमूट तयार व्हायला कित्येक पावसाळे जातात.